‘जुळत नाही’ म्हणजे ‘पात्र नाही’ असं नव्हे

अमेरिकेत अनेक कंपन्या नव्या कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का, हे ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी यंत्रणेवर तपासतात. २०११ मध्ये ‘सेल्फ चेक’ आलं, म्हणजे हीच तपासणी आपली आपण ऑनलाइन करून बघायची सोय. आपण भरलेली माहिती सोशल सिक्युरिटी आणि होमलँड सिक्युरिटी या दोन खात्यांच्या नोंदींशी ताडून बघितली जाते.

आता गंमत बघा. आपल्या पासपोर्टवर बरेचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. दुसऱ्या खात्यात तेच वडिलांचं नाव ‘मधलं नाव’ म्हणून गेलं, की झाली तफावत! लग्नानंतर बदललेलं आडनाव, स्पेलिंगमधली चूक, नागरिकत्व मिळूनही न सुधारलेली जुनी नोंद, अशीही कारणं असतात. माणूस पात्रच असतो, फक्त दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

संशोधकाला खरा धडा पुढे आहे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने (गाओ) २०१० च्या अहवालात २००९ या आर्थिक वर्षाचे आकडे दिले. ९७.४ टक्के लोकांची नोंद लगेच जुळली. २.६ टक्के लोकांची जुळली नाही. त्यातल्या ०.३ टक्के लोकांनी दाद मागितली आणि ते पात्र ठरले. उरले २.३ टक्के.

हे सगळे अपात्र होते का? इथेच आपण घसरतो. यात खरोखर परवानगी नसलेले होते, तसेच पात्र असूनही दाद न मागितलेलेही असू शकतात. कुणाला प्रक्रिया कळली नसेल, कुणाला मालकाने सांगितलंच नसेल. दोघांची नोंद मात्र एकाच खान्यात. म्हणून ०.३ ही चुकीची ‘सापडलेली’ संख्या आहे, एकूण चूक नव्हे.

मग सेल्फ चेकच्या निकालांवरून खरा दर काढता येईल? नाही. तिथे लोक स्वतःहून येतात, त्यामुळे तो नमुना यादृच्छिक नाही.

तुम्हीही उद्या दोन याद्या जोडाल, रुग्णांच्या असोत की शाळेतल्या मुलांच्या. न जुळलेल्या ओळी सरसकट डिलीट करू नका. त्यातल्या थोड्या यादृच्छिकपणे निवडा आणि मूळ कागद हाताने तपासा. कोणती नावं गळतायत ते बघा. तुमच्यासाठी ती एक ओळ असते, त्या माणसासाठी कदाचित नोकरी.