स्कुबा करून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं का थांबतात?

शिरूर-दौंडकडं विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक अनुभव नक्की असतो. तळ गाठायला गेलं की कान दडपतात. हा पाण्याचा दाब. मग दम संपला की पाय झाडायचे आणि सरळ वर यायचं. विहिरीत हे चालतं. पण हीच सवय घेऊन अंदमानला स्कुबा डायव्हिंग करायला गेलात, तर ती अंगाशी येऊ शकते.

स्कुबा डायव्हर वर येताना साधारण 5 मीटर खोलीवर 3 मिनिटं थांबतात. याला म्हणतात सेफ्टी स्टॉप. टाकीत हवा आहे, डोक्यावर बोट दिसतेय, तरी थांबायचं. का?

अंगात काय होतं?

समुद्रात 10 मीटर खाली गेलात की दाब दुप्पट होतो, 20 मीटरवर तिप्पट. विहिरीत तुम्ही वर घेतलेला एकच श्वास घेऊन खाली जाता. स्कुबामध्ये मात्र त्या खोलीच्या दाबाची हवा सतत आत घेता. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. दाबामुळं तो रक्तात आणि पेशींमध्ये विरघळत जातो.

सावकाश वर आलात, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईत आलात, तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, गंभीर प्रकारात लकवाही होतो. हाच डीकम्प्रेशन सिकनेस. टप्प्याटप्प्यानं वर यायची पद्धत 1908 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी मांडली, तीही शेळ्यांवर प्रयोग करून.

पाच मीटरवरच का?

30 मीटरवरून 25 वर आलात, तर हवेचा बुडबुडा सुमारे 14 टक्क्यांनी फुगतो. 5 मीटरवरून पृष्ठभागावर आलात, तर 50 टक्क्यांनी. अंतर तेवढंच, पण सगळ्यात मोठा बदल शेवटी. म्हणून त्याआधी शरीराला वेळ द्यायचा. वेगही आवरतो, वरून बोट जातेय का तेही बघता येतं.

मात्र ही जास्तीची काळजी आहे. हवा संपत आली असेल, तर स्टॉपसाठी अडून बसायचं नाही.

मालवणला जाताय?

पर्यटकांची पहिली डाइव्ह उथळ असते, इन्स्ट्रक्टर सोबत असतो. तिथं बहुतेक वेळा वेगळ्या स्टॉपची गरज पडत नाही. पण एक नियम तिथंही पक्का: श्वास रोखायचा नाही. टाकीतली हवा छातीत अडवून वर आलात, तर ती फुगून फुप्फुसाला इजा करू शकते. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, कारण त्यांना दम धरायची सवय असते.

आणि परतताना?

एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नका, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते. उंचीवर हवेचा दाब आणखी कमी होतो. आंबोली घाटही सुमारे 690 मीटरवर आहे. त्यामुळं खोल किंवा सलग डाइव्ह केल्या असतील, तर गाडी घाटाला लावण्याआधी इन्स्ट्रक्टरला विचारा.