बाटलीवरच्या कोकराचा पहिला दिवस

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीचे ‘फेक-बी’ जनुक संकरातून दख्खनीत आणले आणि जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. मेंढरांवर पोट असलेल्या कुटुंबासाठी ही मोठीच गोष्ट. पण जुळे म्हटले की कोकरांचे वजन कमी भरते, दूध वाटले जाते आणि एखादे उपाशी राहते. शिवाय कधी मेंढी वेतातच दगावते, कधी कासदाहाने सड निकामी होतात. पाच-दहा मेंढ्या बाळगणाऱ्या घरात मग एखादे कोकरू बाटलीवर येते. अशा कोकराच्या आजारपणाचा क्रम ओळखीचा आहे : आधी हगवण, मग सुजलेले गुडघे, मग मान टाकणे. तेव्हा कुठे धावपळ सुरू होते, इंजेक्शने दिली जातात. माझे म्हणणे असे, की यातले बरेचसे आजार आठव्या-दहाव्या दिवशी फक्त दिसू लागतात. त्यांचा निकाल पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिल्या सहा तासांत लागलेला असतो. पाळणाऱ्याची मेहनत आणि पैसा तिकडे वळायला हवा.

याचे कारण मेंढीच्या वारेत आहे. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. मेंढीच्या वारेची रचना अशी, की ही प्रतिपिंडे पलीकडे जातच नाहीत. कोकरू जन्मते ते जवळपास निःशस्त्र. त्याला संरक्षण मिळते ते फक्त चिकातून, आणि तेही थोडाच वेळ : जन्मानंतर काही तासच त्याच्या आतड्याचे अस्तर ही मोठ्या आकाराची प्रतिपिंडे न तोडता रक्तात जाऊ देते. दर तासाला ही क्षमता घटते आणि चोवीस तासांच्या सुमारास संपते. म्हणून किलोमागे ५० मिलिलिटर चीक पहिल्या दोन तासांत आणि दिवसभरात किलोमागे २०० मिलिलिटर, हा हिशोब सांगितला जातो. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या वेळी १२५ मिलिलिटर आणि दिवसभरात अर्धा लिटर. हे हुकले तर ओल्या नाळेतून शिरलेले जंतू रक्तातून सांध्यांत जाऊन बसतात. गुडघे दहाव्या दिवशी सुजले, तरी जंतू बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच आत गेलेले असतात. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवणे हे पाच सेकंदांचे काम त्यासाठीच. वार पडेपर्यंत पिलाला पिऊ द्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत तर नेमके हेच मोलाचे तास वाया घालवते.

आईला चीक नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी मेंढीचा किंवा शेळीचा चालतो. तो लहान बाटल्यांत गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतो. मात्र वितळवायचा तो कोमट पाण्यातच. वाफेवर चिकाचा खरवस होतो, कारण त्यातली प्रथिने उष्णतेने गोठतात, आणि प्रतिपिंडे हीसुद्धा प्रथिनेच. चीक उकळला की पोट भरेल, पण संरक्षण गेलेले असेल. गाईचा चीक द्यावा लागला तर थोडा जास्त द्यावा. त्याने क्वचित काही कोकरांत पुढे रक्तक्षय होतो, म्हणून हिरड्या फिकट पडत नाहीत ना, हे पुढचे काही आठवडे पाहत राहावे.

दुसरा शत्रू गारठा. एडिंबराजवळच्या मोरडन संशोधन संस्थेत १९८० च्या आसपास नवजात कोकरांच्या गारठ्यावर जे काम झाले, त्याने एक मोठा गैरसमज दूर केला. कोकरू गार पडले की चुलीशी न्यायचे, हा कोणाचाही पहिला विचार. पण कोकराच्या अंगात उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते, ती पाचेक तासांत संपत येते. त्यानंतरही उपाशी असलेल्या कोकराची रक्तशर्करा तळाला गेलेली असते. त्याला नुसतीच ऊब दिली की शरीर जागे होते, साखर मागते, ती नसते, आणि झटके येऊन कोकरू मरते. म्हणून तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले असेल आणि कोकरू पाच तासांहून मोठे असेल, तर आधी ग्लुकोज, मग ऊब. ग्लुकोज पोटाच्या पोकळीत टोचून द्यायचे असते. हे पशुवैद्यकाने करावे किंवा त्याच्याकडून नीट शिकून घ्यावे. निरोगी कोकराचे तापमान ३९ ते ४० अंश असते. हा फरक हाताला नेमका कळत नाही, साध्या थर्मामीटरला कळतो. तोंडात बोट घालून पाहावे : जीभ गार आणि चोखण्याची हालचाल नाही, असे असेल तर त्या तोंडात दूध मुळीच ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

दूध कसे पाजले जाते यालाही तितकेच महत्त्व आहे. कोकरू मान वर करून चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात जाते. जबडा उघडून वाटीने ओतले तर ही पन्हळ नीट मिटत नाही. दूध कोठीपोटात पडते, आंबते, पोट फुगते. बाटली कासेच्या उंचीला धरावी, दूध थोडे थोडे आणि अनेकदा द्यावे. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच घट्ट, म्हणून गाईच्या दुधावर फेऱ्या वाढवाव्या लागतात. एकेक फेरी मोठी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गुरांसाठीचे खनिज मिश्रण कोकराला देऊ नये, कारण तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि विषारी ठरते.

यावर आक्षेप आहेत. एक असा, की प्रतिजैविक दिले की काम भागते. झालेल्या जंतुसंसर्गावर ते लागतेच, पण चिकातून न मिळालेली प्रतिपिंडे कोणत्याही सुईतून इतक्या सहज भरून निघत नाहीत. सरसकट प्रत्येक कोकराला ते देत गेले तर औषधाला दाद न देणारे जंतू त्याच वाड्यात वाढतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दुबळे मरू द्यावे, नाहीतर कळप दुबळा होईल. जन्मजात व्यंग असेल तर हे मला मान्य आहे. तसे कोकरू वाढवू नये आणि पैदाशीला तर ठेवूच नये. पण आई मेली किंवा जुळ्यात जन्म झाला, यात कोकराच्या वाणाचा दोष काय? जुळे होणे हा तर मुद्दाम आणलेला गुण. तो आणायचा आणि त्याच्या पोटी आलेले दुसरे कोकरू सोडून द्यायचे, हे मला पटत नाही.

राहिला खर्च. दीड-दोन महिने रोज दूध आणि घरातल्या कोणाचे तरी, बहुधा बाईचे, तासन्‌तास. हा भार खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण थर्मामीटर, आयोडीन आणि गोठवलेल्या चिकाच्या चार बाटल्या यांचा खर्च किरकोळ, आणि ते पहिल्याच दिवशी वापरले तर पुढची औषधे व जागरणे कमी होतात. त्याहून स्वस्त उपाय मेंढी गाभण असतानाच करता येतो : विण्याच्या महिनाभर आधी तिला आंत्रविषाराची लस दिली तर त्याची प्रतिपिंडे चिकात उतरतात. त्या लसीचा लाभ बाटलीवरच्या कोकराला मिळवून द्यायचा असेल, तर ते आईला पीत नसले तरी तिच्या कासेतला चीक पहिल्या दोन तासांतच पिळून त्याला पाजावा लागतो.