बी. ए.ला मानसशास्त्र : समज आणि अभ्यासक्रम

मानसशास्त्र हा विषय घेतला असे कुणाला सांगितले की दोनच प्रश्न येतात. पहिला, "मग माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते सांग बघू." दुसरा, जरा आवाज खाली आणून विचारलेला, "म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर होणार का?" हे प्रश्न गावाकडेच विचारतात असे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्येही ते ऐकू येतात, आणि प्रवेशाच्या वेळी विषयांच्या यादीवर बोट ठेवून उभ्या असलेल्या पुष्कळांच्या मनातही तेच असतात. दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. बी. ए.चे मानसशास्त्र मन ओळखायला शिकवीत नाही आणि मन बरे करण्याचा परवानाही देत नाही. माणसांविषयी आपण जे अंदाज बांधतो ते तपासून कसे पाहावेत, एवढेच ते शिकवते. माझ्या मते हे पुष्कळ आहे. परंतु ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले, त्यांनी हे आधी समजून घेतलेले बरे, कारण आपल्याला विचारायला घरात कुणी नसते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तीन वर्षे म्हणजे काय, हे त्यांना पोत्यांच्या हिशेबात बरोबर कळते.

हे शास्त्र वयाने लहान आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले असे मानतात. आपल्या देशात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पहिला विभाग सुरू झाला. हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख होते. पुढे १९२४ साली म्हैसूरला विभाग निघाला. तिथले एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरी एक छोटे रेडिओ केंद्र चालविले व त्याला 'आकाशवाणी' असे नाव दिले. ही गोष्ट अभ्यासक्रमात कुठेही नाही, पण मला फार आवडते. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे या विषयाचा विभाग उघडला. त्याच्या नावातच 'प्रायोगिक' हा शब्द होता.

आपल्या विद्यापीठात पुष्कळ वर्षे रचना अशी होती : प्रथम वर्षाला एक सामान्य पेपर, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी एक सामान्य आणि दोन विशेष, आणि प्रात्यक्षिकांचा पेपर तिसऱ्या वर्षी. नव्या शैक्षणिक धोरणाने 'स्पेशल' जाऊन 'मेजर' आणि 'मायनर' आले, सत्राला २० ते २२ श्रेयांक आले, आणि तीन वर्षांच्या पदवीनंतर चौथे वर्ष केल्यास सन्मान पदवीची सोय झाली. पेपरांची नावे आणि क्रम बदलतात, गाभा मात्र बदललेला नाही. पहिल्या वर्षी मेंदू व मज्जासंस्था, वेदन आणि संवेदन, अध्ययन, स्मरण, प्रेरणा, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व. पुढे सामाजिक, वैकासिक, अपसामान्य, औद्योगिक अशा शाखा. वेदन आणि संवेदन यांतला फरक प्रथम वर्षाच्या निम्म्या वर्गाला परीक्षेच्या आदल्या रात्री कळतो. डोळ्यावर प्रकाश पडणे हे वेदन आणि 'ही एस. टी. आली' असे कळणे हे संवेदन, एवढे धरून ठेवले तरी पुरते.

या विषयाची खरी ओळख मात्र प्रयोगशाळेत होते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी माणसे लागतात, आणि ती बहुधा आमच्या वर्गातून नेली जातात. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयुक्त. प्रयुक्त म्हणून मी तीन वेळा बसले आहे.

म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग त्यांपैकी एक. फ्रान्झ म्यूलर-लायर यांनी १८८९ साली ही आकृती प्रसिद्ध केली. दोन सारख्या लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. बाहेर फाकलेली रेषा लांब दिसते. प्रयोगशाळेत एक फळी असते. तिच्यावरची पट्टी ओढून दोन्ही रेषा आपल्या डोळ्यांना सारख्या वाटतील तिथे थांबायचे. मागच्या बाजूच्या मोजपट्टीवर किती मिलिमीटरची चूक झाली ते प्रयोगकर्ता पाहतो. एवढे झाल्यावर मला वाटले, संपला प्रयोग. पण ताईंनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावली. निम्म्या वेळा पट्टी आतून बाहेर, निम्म्या वेळा बाहेरून आत. निम्म्या वेळा ठराविक रेषा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. असे का, तर हाताची सवय, एका बाजूकडचा ओढा, कंटाळा, यांचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जावा आणि उरलेली सरासरी चूक फक्त बाणांची आहे असे म्हणता यावे. एका रेषेबद्दल साधे विधान करायला एवढी खबरदारी! आणि आपण पारावर बसून अख्ख्या जातीबद्दल, अख्ख्या गावाबद्दल एका दमात बोलून मोकळे होतो.

याच आकृतीची आणखी एक हकीकत आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे इंग्रज संशोधक विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील तोडा लोकांमध्ये गेले व त्यांनी तिथे असे प्रयोग केले. १९०५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. म्यूलर-लायर आकृतीने तोडा माणसे इंग्रजांपेक्षा कमी फसली. उभ्या-आडव्या रेषांच्या दुसऱ्या एका आकृतीने मात्र ती जास्त फसली. कारण काय, यावर अजून वाद आहे. चौकोनी खोल्या आणि काटकोनी कोपरे यांत वाढलेल्या डोळ्यांना तशी सवय लागते असे काहींचे म्हणणे, तर इतरांना ते पटत नाही. पाहणे ही एवढी साधी क्रिया, तीही सगळ्या माणसांत एकसारखी नसावी, हे मला पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी व्याख्यांपेक्षा मोलाचे वाटले.

स्मरणावरचा प्रयोग हेर्मान एबिंगहाऊस यांच्या १८८५ च्या पुस्तकापासून चालत आला आहे. त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले आणि स्वतःच प्रयोगकर्ता व स्वतःच प्रयुक्त होऊन ते पाठ केले. त्यांचा विस्मरणाचा वक्र पुष्कळांना माहीत असतो : वीस मिनिटांनी ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, एकतीस दिवसांनी २१. गाईडमध्ये या आकड्यांचा अर्थ 'एवढे आठवते' असा देतात, तो बरोबर नाही. तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, त्याचे हे प्रमाण आहे. म्हणजे एकतीस दिवसांनी समोर ठेवल्यास एकही शब्दावयव आठवला नाही, तरी पुन्हा पाठ करताना मेहनत वाचलेली दिसू शकते. परीक्षेपूर्वी 'सगळे विसरलो' म्हणून रडणाऱ्या मैत्रिणीला हे सांगण्यासारखे आहे.

मी हे सारे घरी सांगते तेव्हा आई म्हणते, "माणसं कळायला कॉलेज कशाला लागतं? चार पावसाळे बघितले की कळतात." आईला माणसे कळतात हे खरे आहे. प्रश्न एवढाच, की अंदाज चुकतो तेव्हा ते कसे कळावे? आमच्याकडे सर्रास म्हणतात की अमावास्येला वेडाचा जोर वाढतो. तपासायचे तर कागदावर चार खण आखावे लागतात. अमावास्या होती आणि त्रास वाढला, अमावास्या होती पण वाढला नाही, अमावास्या नव्हती तरी वाढला, नव्हती आणि वाढलाही नाही. आपल्या लक्षात राहतो तो पहिलाच खण. उरलेले तीन भरल्याखेरीज काहीच म्हणता येत नाही. आईला मी हा तक्ता काढून दाखविला. ती म्हणाली, "मग भर की तुझे खण." अजून भरते आहे.

खण भरायचे म्हणजे संख्याशास्त्र आले. गणित सुटले म्हणून कला शाखेकडे आलेल्यांनी इथे सावध असावे. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध यांवाचून गत्यंतर नाही. पण ते दहावीपेक्षा फार अवघड नाही.

मानसशास्त्रीय चाचण्यांचा भाग मला आपल्या भाषेमुळे जवळचा वाटतो. पॅरिसच्या शाळांतील मुलांसाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. ती मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने घडविण्याचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली आले. नुसते भाषांतर केले की चाचणी आपली होत नाही. पॅरिसच्या मुलाने पाहिलेली वस्तू धारवाडच्या मुलाने पाहिलेली असेलच असे नाही. शिवाय इथली पुष्कळ मुले तपासून कोणत्या वयाला कोणता प्रश्न सुटतो हे पुन्हा ठरवावे लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत, जी १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी सुरू केली, असे काम मराठीत चालत आले आहे. तरीही अनेक चाचण्या अजून इंग्रजीत किंवा हिंदीत हाती येतात. वाडीवरच्या शाळेतला मुलगा त्यांत कमी पडला तर कमी पडला कोण, मुलगा की चाचणी, हा प्रश्न विचारायला शिकविणारा पेपर मला निव्वळ गुणांचा वाटत नाही.

पाठ्यपुस्तकांविषयीही डोळे उघडे ठेवावे लागतात. सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतील संशोधनाची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९६ टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के प्रयोगांत लक्षणीय परिणाम आढळला होता, पुन्हा केल्यावर तो केवळ ३६ टक्क्यांत आढळला. यावरून 'सगळेच खोटे' असे समजणारे वर्गात आहेत. मला मात्र आपलेच घर झाडून घेणारे शास्त्र विश्वासाचे वाटते.

अपसामान्य मानसशास्त्राबद्दल एकच सांगते. त्या पुस्तकातला प्रत्येक विकार वाचताना आपल्यालाच झाला आहे असे वाटू लागते. पहिल्या महिन्यात आमच्या बाकावर सहा विकार होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते गेले.

आता पदवीनंतरचे. मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी आधी वैद्यकीय पदवी लागते, तो रस्ताच वेगळा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी हवी, आणि ती बी. ए.वर होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही परिषदेने मान्य केलेला, दोन वर्षे पूर्णवेळ देखरेखीखाली केलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला आहे. तो पुष्कळ वर्षे एम. फिल. असे. नव्या धोरणात एम. फिल. मागे पडून त्या जागी दुसरे अभ्यासक्रम येत आहेत, तेव्हा कुठेही पैसे भरण्यापूर्वी परिषदेची मान्यता आहे की नाही ते पाहावे. म्हणजे बी. ए., एम. ए. आणि त्यावर हे शिक्षण धरले तर सात वर्षे सहज जातात. दिवसा नोकरी करून दूरशिक्षणाने एम. ए. करू, असा बेत आमच्यापैकी अनेकांचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने व ऑनलाइन देण्यास मनाई केली आहे. प्रात्यक्षिकांवाचून हा विषय शिकता येत नाही हे मला वरच्या फळीवरूनच पटलेले आहे. तरीही ज्याच्या पगारावर घर चालते त्याला या निर्णयाने दार बंद झाले, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यावर आपल्या वर्गात चर्चा व्हायला हवी.

नुसत्या बी. ए.वर इतर कोणत्याही पदवीधराप्रमाणे स्पर्धा परीक्षा देता येतात, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र करता येते. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र लावू नये. १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. त्यामुळे विषय घेतल्याचे कळताच शेजारीपाजारी आपल्याकडेच विचारायला येतात. मी ऐकून घेते, आणि जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग व शासनाच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सांगते. २०२२ पासून चालू असलेल्या या सेवेवर मराठीतही बोलता येते.

ज्यांना हा विषय घ्यावा की नाही ते ठरवायचे आहे, त्यांनी माहितीपत्रक वाचण्यापेक्षा एकदा प्रयुक्त म्हणून येऊन बसावे. तृतीय वर्षाला दरवर्षी माणसे कमी पडतात. अर्धा-पाऊण तास लागतो. चष्मा असल्यास सोबत आणावा, आणि आधी बसून गेलेल्या मैत्रिणीला उत्तरे विचारू नयेत.