जखमेवरील गॉजपट्टी : निवड आणि उपयोग



मधल्या सुटीत मूल पडते, गुडघा फुटतो आणि ते धावत येते ते आपल्याकडे. आईबाप शेतावर असतात, आरोग्य केंद्र दूर असते. त्या घटकेस मुलाजवळ शिक्षकच असतो. आपल्या बहुतेक शाळांतून प्रथमोपचाराची पेटी असते व तीत गॉज, कापूस आणि चिकटपट्टीही असते. परंतु यांपैकी जखमेस प्रत्यक्ष काय टेकवावे व काय टेकवू नये, याचा विचार क्वचितच केला जातो. त्या एका प्रश्नाचा खुलासा करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आरंभी माझीच एक चूक सांगणे इष्ट होईल. मुंबईस अँटॉप हिल येथील सरकारी वसाहतीत माझी धाकटी बहीण राहते. एका दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे असताना माझ्या दहा वर्षांच्या भाचीच्या मनगटावर उकळता चहा सांडला. मी हात नळाखाली धरला, येथवर ठीक झाले. त्यानंतर मात्र कपाटातील कोरडे गॉज थेट भाजलेल्या जागी ठेवले, वर कापूस दिला आणि पट्टी करकचून बांधली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडू लागलो, तो गॉज जखमेस घट्ट चिकटलेले. “मामा, नको!” असे ती म्हणत असतानाच मी ते ओढून काढले. त्याबरोबर नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही निघाली व रक्त आले. मग तिला रुग्णालयात नेले. तेथील परिचारिकेने पुढील पट्टीच्या वेळी गॉज पाण्याने भिजविले, दहा मिनिटे वाट पाहिली आणि ते अलगद उचलले. मूल रडले नाही.

जखम यथावकाश बरी झाली. परंतु पुढे महिन्याभराने त्याच मुलीच्या टाचेस चप्पल चावून फोड फुटला, तेव्हा तिने तो चार दिवस मोज्याखाली लपविला. त्यात पू झाला तेव्हा आम्हांस कळले. पट्टीची भीती बसलेले मूल जखम सांगत नाही, आणि न सांगितलेली जखमच अधिक घात करते. म्हणून पट्टी काढण्याची रीत ही केवळ सोयीची बाब नव्हे.

गॉज चिकटते का, हे समजून घेतले म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप ध्यानात राहतात. गॉज हे विरळ विणीचे सुती कापड होय. जखमेतून पाझरणारा स्राव ते शोषून घेते, हा त्याचा गुण. परंतु तोच स्राव जाळीच्या छिद्रांत वाळला की जखम व कापड एकजीव होतात, हा त्याचा दोष. कोरडी पट्टी ओढली म्हणजे खपलीबरोबर नवी त्वचाही उपटली जाते. जखम वाळवावी म्हणजे ती लवकर भरते, अशी पूर्वी समजूत होती. जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या व काही झाकून ओलसर राखल्या. ओलसर राखलेल्या जखमांवर नवी त्वचा लक्षणीय वेगाने आली. सबब जखम चिंब नसावी, परंतु कोरडी ठणठणीतही नसावी, असे आज मानले जाते.

या प्रश्नावर मुंबईत, अँटॉप हिलपासून फार दूर नसलेल्या दोन रुग्णालयांत, मोलाचे काम झाले आहे. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयातील डॉ. केसवानी व डॉ. पाटील यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आच्छादन भाजलेल्या जखमांसाठी वापरून पाहिले व त्याचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचे आच्छादन तयार केले. त्यांनी व्हॅसलिनयुक्त गॉजशी त्याची तुलना करून २००३ साली निष्कर्ष मांडले. केळीचे पान गुळगुळीत व मेणचट असल्याने जखमेस चिकटत नाही. पट्टी बदलताना रुग्णास वेदना कमी होतात आणि खर्चही अत्यल्प येतो. येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. ही आच्छादने रुग्णालयात विशिष्ट रीतीने तयार करून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली असतात. परसातील पान तोडून जखमेवर बांधणे धोक्याचे आहे. आपण या कामातून घ्यावयाचे ते तत्त्व असे : जखमेस टेकणारा थर न चिकटणारा असावा, शोषून घेणारा थर त्याच्या वर असावा.

निवड कशी करावी

१. निर्जंतुक गॉज लहान बंद पाकिटात मिळते. पाकिटावरील मुदत पाहावी. पाकीट एकदा फोडले की उरलेले गॉज निर्जंतुक राहत नाही. म्हणून लहान पाकिटे घेणे सोयीचे. थानातून कापून मिळणारे गॉज वरच्या थरासाठी ठेवावे.

२. व्हॅसलिन लावलेले जाळीदार गॉज औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉज या नावाने मिळते. खरचटणे व किरकोळ भाजणे यांस खालचा थर म्हणून ते योग्य. ते नसल्यास निर्जंतुक गॉजवर स्वच्छ पेट्रोलियम जेलीचा सढळ थर देऊन वापरावे.

३. कापूस जखमेवर कधीही थेट ठेवू नये. त्याचे तंतू जखमेत अडकतात.

४. काहीच उपलब्ध नसेल तर जुने, मऊ सुती कापड स्वच्छ धुऊन, वीस मिनिटे उकळून, धूळ न लागेल असे वाळवून व गरम इस्त्री करून तात्पुरते वापरावे.

उपयोग कसा करावा

प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी जखमेवर दाबून धरावी व दहा मिनिटे मध्येच उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली माती, खडे धुऊन काढावेत. भाजले असेल तर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. बर्फ लावू नये व फोड फोडू नये. स्पिरिट अथवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत वारंवार ओतल्याने कोवळ्या पेशींची हानी होते.

नंतर न चिकटणारा थर ठेवावा. त्यावर कोरड्या गॉजची दोन-चार पदरी घडी, जखमेच्या कडेबाहेर बोटभर येईल अशी, ठेवावी. वरून पट्टी गुंडाळावी. ती घसरू नये इतपतच आवळावी. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली तर पट्टी तत्काळ सैल करावी.

पट्टी भिजली किंवा मळली की बदलावी. चिकटली असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी पट्टीवर ओतावे व पाच-दहा मिनिटे थांबावे. मग कडेपासून मध्याकडे सावकाश उचलावे. दुखू लागले तर पुन्हा भिजवावे. घाई करण्याचे काहीच कारण नसते.

हळद, चहाची पूड, राख, शेण, चुना अथवा टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पालकांना हे सांगताना त्यांच्या घरच्या रीतीचा उपहास करू नये. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, एवढे कारण समजावून द्यावे.

रुग्णालयात केव्हा न्यावे

दाबूनही रक्त न थांबणे. जखमेच्या कडा फाकलेल्या असणे. खिळा खोल रुतणे. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजणे, अथवा मुलाच्या तळहाताहून मोठा भाग भाजणे. जखमेभोवती लाली पसरणे, पू होणे किंवा ताप येणे : या प्रसंगी विलंब करू नये. कुत्रे चावल्यास जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, घट्ट बांधू नये आणि लगेच रेबीजची लस टोचून घेण्यास पाठवावे. धनुर्वाताची लस मुलास दहाव्या व सोळाव्या वर्षी मिळाली आहे काय, याची चौकशी करावी. मळलेली जखम असल्यास ती बाब डॉक्टरांस अवश्य सांगावी. मधुमेही माणसाच्या पायाची जखम लहान दिसली तरी दाखवावी. एखाद्या मुलाची जखम मुळीच दुखत नसेल, तर तेही वैद्यकीय तपासणीचे कारण समजावे. बधिरता हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते.

शेवटी एक विनंती. आठवड्यातील एका तासास वर्गातील मुलांना एकमेकांच्या धडधाकट हातांवर पट्टी बांधावयास व भिजवून सोडावयास शिकवावे. साहित्य थोडे लागते. पट्टी दुखवीत नाही हे ज्या मुलाने आपल्या हातावर अनुभवले, ते जखम लपविणार नाही, घरी धाकट्या भावंडास लागले तर तेच आईला सांगेल, “ओढू नकोस, आधी भिजव.” मला हे पन्नाशीत, एका मुलीच्या रडण्यातून शिकावे लागले. आपल्या विद्यार्थ्यांस ते त्याआधी कळावे, एवढीच इच्छा.

— विस्तार अधिकारी (शिक्षण)