प्रयोगशाळेतील उंदरांना पाणी दाखविणे

गुरांना आपण पाणी दाखवितो. औषधांच्या प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांनाही ते दाखवावे लागते, हे ऐकून नवल वाटेल.

पुष्कळ ठिकाणी पिंजऱ्यावर पाण्याची बाटली उलटी टांगतात. मोठ्या प्रयोगशाळांत मात्र नळीने पाणी पिंजऱ्यापर्यंत आणतात. टोकाच्या तोटीत धातूची बारीक कांडी असते. उंदराने ती जिभेने वा नाकाने ढकलली की पाणी येते. सोडली की बंद.

माणसांचे श्रम वाचतात खरे. पण बाटलीवर वाढलेल्या उंदराला ही कांडी कशी ठाऊक असणार? मोठा उंदीर दिवसाला 3 ते 5 मिलिलिटर, जेमतेम चहाचा चमचाभर पाणी पितो. तेवढेही मिळाले नाही, तर तो खाणेही कमी करतो नि झपाट्याने वाळतो. मग त्याचे हाल होतात, आणि प्रयोगही फसतो.

मग करावे काय? आधी नळीतली हवा काढून टाकावी आणि प्रत्येक कांडी बोटाने दाबून पाहावी. तोटी लहानग्याच्या तोंडाला पोचेल इतकी खाली हवी, कारण पिले सुमारे 21 दिवसांचीच आईपासून तोडतात. आईजवळ असतानाच त्यांना तोटी मिळाली तर फार बरे. टोकाशी थेंब लोंबता ठेवला, की उंदीर चाटायला येतो आणि कांडी आपोआप हलते. पहिले दोन-तीन दिवस जुनी बाटली किंवा ओले खाद्यही ठेवावे.

रोज निरखून पाहावे. केस विस्कटले, डोळे खोल गेले, वजन उतरले, तर समजावे की पाणी मिळत नाही.

नळाला पाणी आहे, एवढ्याने भागत नाही. ते पोटात गेले का, हे पाहणारा माणूस लागतोच.