हुमणाची विटंबना

मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवरील अनेक उपाहारगृहांत ‘गोवन फिश करी’ या नावाने जो टोमॅटो-कांद्याचा तांबूस रस्सा वाढला जातो, त्यास हुमण म्हणण्यास आम्ही तयार नाही. ताज्या नारळाचे वाटप, सुक्या मिरच्या, धणे, आंबटपणास भिंडाची सोले आणि बांगड्या-तारल्यांसाठी तिरफळे, एवढ्यावर पेडणे-डिचोलीच्या गृहिणी जी चव साधतात, ती डब्यातील नारळाच्या दुधाने कशी यावी? त्याच डब्यातून शेजारच्या टेबलावर ‘थाई करी’ही जाते. एकाच पळीने दोन देशांची फसवणूक!

२०२३ च्या शॅक धोरणात सरकारने गोमंतकीय पदार्थ सक्तीचे केले, हे योग्यच. परंतु हुकमाने नाव पाटीवर येते, चव ताटात येत नाही. पेडण्यातीलच हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ती हरमलच्याच हुमणात नसेल, तर त्या मानांकनाचे काय लोणचे घालायचे? शॅकचालकांनी मिरची गावच्या शेतकऱ्याकडून घ्यावी आणि रांधणे गावच्या सुगरणींच्या हाती, योग्य वेतन देऊन, सोपवावे. पाहुण्यास खोटे वाढणाऱ्या घराला उद्या स्वतःचीच चव आठवेनाशी होते.