मिठाची जकात : 1671 मधील एक आज्ञापत्र आणि स्थानिक शासनाचे व्यापारी अधिकार

परराज्याच्या स्वस्त मालामुळे वा जकातीमुळे व्यापाराची घडी विस्कटली असता स्थानिक शासनाने काय करावे, या प्रश्नाची चर्चा प्रायः अर्थशास्त्राच्या परिभाषेत होते. मराठी गद्यात मात्र तिचा एक जुना आणि नेमका आविष्कार आढळतो. तो म्हणजे शिवाजी महाराजांनी डिसेंबर 1671 मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेले आज्ञापत्र.

प्रसंग असा. पोर्तुगीजांच्या अमलाखालील बारदेशात मीठ स्वस्त होते, तर संगमेश्वराकडील मीठ त्या मानाने महाग पडे. उदमी साहजिकच बारदेशाकडे वळत. हा ओघ कायम झाल्यास स्वराज्यातील बंदरे बसतील, ही पत्रातील मुख्य चिंता आहे. त्यावरील उपाय हिशेबाचा आहे. घाटापर्यंत पोहोचताना दोन्ही मिठांची किंमत काय पडते ते पाहावे आणि बारदेशी मीठ महाग ठरेल एवढी जकात त्यावर बसवावी.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पत्र हेतू ठरवून देते आणि दराचा हिशेब मात्र सरसुभेदारावर सोपविते. फ्रान्समध्ये कोल्बेरने 1667 साली डच व इंग्रज मालाविरुद्ध आणलेले जकातपत्रक जिनसांच्या व दरांच्या यादीच्या स्वरूपाचे आहे. परस्परप्रभावाचा प्रश्न येथे नाही, परंतु रूपभेद बोलका आहे. एकात आकडा आज्ञा करतो, दुसऱ्यात युक्तिवाद. पत्राच्या शब्दकळेतही अरबी-फारसी वळणाचे जकात, हशील हे शब्द आणि संस्कृत 'उद्यम'शी नाते सांगणारा उदीम एकत्र नांदतात. सीमेवरील व्यापाराची भाषा अशीच घडते. या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी उदमी आणि बंदर आहेत, घाटावरचे गिऱ्हाईक नाही, हेही नोंदवले पाहिजे. संरक्षक जकातीचा भार अखेर त्याच्याच शिधापाण्यावर पडतो.

आज सरसुभेदाराचा तो अधिकार स्थानिक संस्थांकडे नाही. परदेशी व्यापार व सीमाशुल्क हे विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहेत. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची राज्यसूचीतील नोंद 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने वगळली गेली आणि 1 जुलै 2017 रोजी मुंबईतील जकातही संपली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा तिरुप्पूरच्या वा सुरतेच्या महापालिकेला प्रतिजकात बसविण्याचा मार्गच नव्हता.

मग उरते काय? मालमत्ताकर व पाणीपट्टीच्या वसुलीस कायद्याच्या मर्यादेत मुदत देणे, काम गेलेल्या मजुरांची नोंद ठेवणे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीमार्फत नव्या बाजारपेठांचा शोध घेणे, ही साधने उरतात. त्यांतही सर्वांत मोलाचे साधन 1671 च्या पत्रातच आहे, आणि ते म्हणजे हिशेब. कोणता माल कोठे किती महाग पडला आणि कोणाचा उदीम बसला, हे प्रथम स्थानिक अधिकाऱ्यालाच दिसते. त्या काळी आज्ञा वरून खाली आली आणि हिशेब खाली झाला. आज निर्णय वरच होत असल्याने तो हिशेब वेळेवर वर पोहोचविणे, हे स्थानिक शासनाचे पहिले कर्तव्य ठरते.